आधी पाणी, मग तोंड, मग रंग

मैंदर्गीसारख्या गावात आफ्रिकेतल्या तळ्यांचे मासे पाळण्यात काय अर्थ आहे, हा प्रश्न हे पुस्तक हातात घेणाऱ्याच्या मनात येणारच. अक्कलकोट तालुक्याचं हे टोक; थोडं पुढे गेलं की कर्नाटक लागतं. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक, घराघरात कन्नड आणि मराठी दोन्ही, आणि बोअरचं पाणी जड. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, माठाच्या बाहेरच्या अंगाला क्षार फुटतात. या पाण्याला सगळेच नावं ठेवतात. माझं म्हणणं असं, की याच पाण्यात रमणारा शोभेचा मासा जगात आहे. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतल्या तळ्यांचा सिक्लिड तो हाच. आपल्या भागातल्या माणसाने टाकी मांडायची ठरवली, तर त्याने सुरुवात याच माशापासून करावी.

प्रत्यक्षात होतं उलटंच. नवी टाकी घेणाऱ्याला कोणीतरी हमखास सांगतं, बोअरचं पाणी घालू नका, मासे मरतील. मग तो जारवाल्याकडून आरओच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे जार मागवून टाकी भरतो. आरओच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट जवळजवळ निघून गेलेले असतात. त्यामुळे पाण्याचा पीएच धरून ठेवणारं त्यात काही उरत नाही. टाकीतले जीवाणू माशांची घाण पचवताना आम्ल तयार करत राहतात, ते आम्ल शोषून घ्यायला बायकार्बोनेट नसतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत पीएच घसरत जातो. अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातल्या निऑन टेट्राला किंवा डिस्कसला हे चालून जातं. आफ्रिकन सिक्लिडचा मात्र रंग उतरतो, तो कोपऱ्यात बसतो, खाणं सोडतो. म्हणजे पैसे मोजून आणलेलं पाणी त्याला बाधतं आणि अंगणातल्या बोअरचं मानवतं.

आपलं पाणी जड का, हे समजून घेतलं तर पुढचं बरंच सोपं होतं. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे आणि त्यावर काळी माती. नांगर धरलेल्या कोणालाही त्या मातीतले चुनखडीचे पांढरे खडे माहीत आहेत. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेत चुनखडी व दगडातले क्षार विरघळवत खाली जातं. पाऊस भरपूर असता तर हे क्षार धुऊन गेले असते. आपल्याकडे पाऊस थोडा आणि बाष्पीभवन फार, म्हणून ते साठत जातात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची पसंतीची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरचा आकडा शेजारच्या बोअरवरून ठरवू नका, दोनशे फुटांच्या अंतरातही फरक पडतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. तो एकदा तपासून घ्या आणि कागद टाकीच्या स्टँडमध्येच ठेवा.

त्या कागदावर कठीणपणापेक्षा नायट्रेटचा आकडा आधी बघायचा. पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उसाला टाकलेला युरिया, गोठ्याची घाण, गावातले शोषखड्डे यांतून नायट्रेट विहिरी-बोअरपर्यंत पोचतं, आणि कडक उन्हात ते उडून जात नाही. ज्या बोअरमध्ये ते मुळातच जास्त आहे, तिथे पाणी बदलून टाकीतलं नायट्रेट कमी होणार नाही. आपल्या पाण्याचा खरा दोष हा आहे. जडपणा हा दोष नाही.

दुसरी गोष्ट, बोअरचं ताजं पाणी थेट टाकीत ओतू नये. जमिनीखालून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी असतो. पिंपात रात्रभर ठेवून त्यात एअर पंपाची नळी सोडली की वायू निघून जातो, पीएच वर चढतो आणि ऑक्सिजन मुरतो. संध्याकाळी ७.२ दाखवणारं पाणी सकाळी आठच्या वर गेलेलं दिसेल. नळाचं पाणी असेल तर या रात्रभराच्या हवेने क्लोरीनही उडतं.

आता मूळ तळ्यांकडे वळू. टांगानिका हे खोलीत बैकलच्या खालोखाल, जवळजवळ १,४७० मीटर, आणि त्याच्या पाण्याचा पीएच नऊच्या आसपास. मलावी सुमारे ७०० मीटर खोल, पीएच साधारण ७.७ ते ८.६. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८५९ साली या तळ्याच्या काठी पोचला. पुढे शंभरएक वर्षं नकाशांवर त्याचं नाव न्यासा होतं. एकट्या मलावीत सिक्लिडच्या आठशेहून अधिक जाती असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. १९८४ साली तळ्याच्या दक्षिण टोकाचं राष्ट्रीय उद्यान युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, ते याच माशांमुळे. एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी: मलावीचं पाणी आपल्या बोअरएवढं जड नाही. त्याचा पीएच चढा आणि स्थिर आहे, आणि माशाच्या दृष्टीने महत्त्व त्या स्थिरतेला आहे. आपल्याकडे मिळणारे मासे पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढलेले असतात. जास्तीचे क्षार ते सहज पेलतात. पीएचचे हेलकावे त्यांना पेलत नाहीत.

आफ्रिकन सिक्लिड हे नाव नवं वाटलं, तरी हा प्राणी आपल्याला नवा नाही. सोलापूर जिल्ह्यात तो आधी ताटात आला आणि मग काचेच्या टाकीत. उजनीच्या जलाशयातली चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तिलापिया हा आफ्रिकेचा सिक्लिडच. मोझांबिक तिलापिया भारतात आणला गेला १९५२ साली, स्वस्त प्रथिनांसाठी. सगळं खाणारा, कुठल्याही पाण्यात तगणारा, झपाट्याने वाढणारा हा मासा. पुढे भीमेवर उजनी धरण झालं, १९८० पासून पाणी अडलं, आणि भिगवण-इंदापूरच्या मासळी बाजारात हळूहळू चिलापीचेच ढीग दिसू लागले. तिथल्या जुन्या मच्छीमारांना विचारा, पूर्वी जाळ्यात काय यायचं आणि आता काय येतं. भारताचे स्वतःचे सिक्लिड फक्त तीन जातींचे. कोकण-गोव्याच्या खाडीतला कालुंदर त्यांतला सगळ्यात ओळखीचा.

चिलापीची मादी अंडी तोंडात धरून उबवते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मलावीचे जवळजवळ सगळे सिक्लिड हेच करतात. मादी अंडी घालते, वळून लगेच तोंडात घेते. नराच्या गुदपरावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. तेही उचलायला ती पुढे होते तेव्हा अंडी फळतात. मग तीन आठवडे ती काही खात नाही. गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं, मधूनमधून चघळल्यासारखी हालचाल, आणि समोर पडलेल्या खाण्याकडे ढुंकूनही बघणं नाही. नवखा माणूस घाबरतो, मासा आजारी पडला असं समजून औषध ओततो. तिला काहीही झालेलं नसतं. उपास संपला की तिला दोन-तीन दिवस वेगळ्या टाकीत ठेवून थोडं थोडं खायला द्यावं. लगेच नरांच्या गर्दीत सोडली तर ती खंगते.

मला या पुस्तकात सगळ्यात तळमळीने सांगायचं आहे, ते माशाच्या तोंडाबद्दल. दुकानात गिऱ्हाईक रंग बघतं. काचेसमोर उभं राहून तोंड बघायला शिकलात, तर निवड आणि खाणं हे दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात.

मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या माशांना तिथले लोक एम्बुना म्हणतात. त्यांत लॅबिओट्रोफियस नावाचा मासा आहे. त्याचं नाक तोंडावर पुढे आलेलं, ओठ खाली वळलेले, दात ओळीने बसवलेल्या पटाशीसारखे. खडकाला जवळजवळ समांतर राहून तो शेवाळ खरवडतो. त्यासाठी त्याला अंग उभं करावं लागत नाही, म्हणून लाटांच्या माऱ्यातही तो खडकाला धरून राहतो. टाकीत असा मासा दगडावरून सरकताना जवळून पाहा. चार-पाच वेळा खरवडणं, थोडं मागे सरणं, तोंडातली रेती कल्ल्यांतून बाहेर टाकणं, आणि पुन्हा तीच जागा. दिवसभर हेच. मिळणारं अन्न निकस, म्हणून सतत खावं लागतं. ते पचवायला आतडं लांब, शरीराच्या लांबीच्या कितीतरी पट. या माशाला रोज मांसाहार दिला, की आतड्यात तो सडतो.

याउलट येलो लॅब, लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. जेफ्री फ्रायर यांनी १९५६ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तळ्याच्या बहुतेक किनाऱ्यावर हा मासा पांढुरका-निळसर असतो. बाजारातला झगझगीत पिवळा प्रकार उत्तरेकडच्या एका छोट्या पट्ट्यातला. याचं तोंड लहान, टोकदार, चिमट्यासारखे दात पुढे. खडकाच्या फटीत डोकावून तो बारीक किडे-अळ्या टिपतो. म्हणून तो शाकाहारी मिश्रणही खातो आणि थोडा मांसाहारही पचवतो. स्वभावही त्यातल्या त्यात शांत. पहिला मासा कोणता घ्यावा असं विचारलं, तर मी बिनदिक्कत याचं नाव घेतो.

पीकॉक म्हणून विकला जाणारा औलोनोकारा वाळूवर राहतो. त्याच्या खालच्या जबड्यावर आणि गालांवर बारीक खळगे असतात. वाळूच्या जरासा वर तो थबकतो, वाळूतल्या किड्याची हालचाल त्या खळग्यांतून टिपतो आणि एकदम तोंड खुपसतो. निम्बोक्रोमिस लिव्हिंग्स्टोनी तर मेल्याचं सोंग घेतो. अंगावर तपकिरी डाग, कुजल्यासारखा दिसणारा मासा तळाला एका कुशीवर पडून राहतो. लहान मासे लचके तोडायला जवळ आले की उसळी मारून त्यांतला एक गिळतो. त्याचा जबडा किती मोठा उघडतो ते पाहिलं की त्याच टाकीत दीड इंचाचे लहान मासे ठेवण्याची इच्छा आपोआप मावळते. तोंडाची ही विविधता कुठवर जाते, त्याचं टोक टांगानिकात आहे. पेरिसोडस मायक्रोलेपिस हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून जगतो. काहींचं तोंड डावीकडे वळलेलं, काहींचं उजवीकडे. डावीकडच्यांची संख्या वाढली की बळी त्या बाजूने सावध राहतात, मग उजवीकडच्यांचं फावतं. जपानी शास्त्रज्ञ मिचिओ होरी यांनी १९९३ साली हे दाखवून दिलं.

आता दुकानात चला. सोलापूरच्या दुकानांत हे मासे बहुतेक मुंबई, कोलकाता किंवा चेन्नईच्या घाऊक बाजारातून येतात, आणि पुष्कळदा ‘मिक्स आफ्रिकन’ या एकाच नावाने विकले जातात. इंच-दीड इंचाची पिल्लं, कुठली जात ते दुकानदारालाही नक्की सांगता येत नाही. यातला सगळ्यात फसवा मासा म्हणजे ऑरेटस. पिल्लं सोनेरी, अंगावर काळे-पांढरे पट्टे, बघताक्षणी हात खिशाकडे जावा अशी. मोठा झाल्यावर नर काळवंडतो, पट्टे उलटे होतात, आणि तो टाकीतल्या एकेकाला कोपऱ्यात घालून मारतो. तीन फुटांच्या टाकीत ऑरेटसचा नर नको, कितीही देखणा असो. भडक रंगाचे अगदी लहान पीकॉकही जपूनच घ्यावेत. लहान वयात पूर्ण रंग आलेले मासे काही वेळा संप्रेरकं देऊन रंगवलेले असतात. काही महिन्यांत रंग उतरतो आणि पुढे प्रजननही नीट होत नाही.

टाकी किमान चार फूट लांब असावी. चार बाय दीड बाय दीड फूट म्हणजे साधारण २५० लिटर पाणी. दगड-वाळू धरून वजन साडेतीनशे किलोच्या वर जातं. माळवदाच्या घरात ती खालीच, सोप्यात, पक्क्या जमिनीवर ठेवावी. माळवदाखालचा सोपा उन्हाळ्यात थंड राहतो, हा वर आणखी फायदा. पत्र्याच्या खोलीत टाकी मांडूच नये.

दगडांसाठी दूर जायला नको. आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची फरशी घराघरात आहे. ती चुनखडकाची. कडेची थोडी भुकटी करून तिच्यावर लिंबू पिळलं, तर बारीक फेस येतो. तो फेस म्हणजे आम्ल शोषलं जात असल्याची खूण. उरलेले तुकडे घासून धुऊन एकावर एक रचले, की माशांना हव्या तशा कपारी तयार होतात आणि पीएच खाली जायला लागला तर तीच फरशी थोडी थोडी विरघळून त्याला आधार देते. फक्त आधी दगड काचेच्या तळावर थर्माकोलचा पातळ थर देऊन बसवायचे आणि मग वाळू घालायची. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर रचलेला डोंगर एखाद्या रात्री कोसळून काच फोडतो.

एका टाकीत एकाच प्रकारच्या तोंडाचे मासे ठेवा. एम्बुना तर एम्बुना, पीकॉक तर पीकॉक. येलो लॅब तेवढा दोन्हीकडे चालतो. एम्बुना थोडे ठेवले तर बलवान नर एकाच्याच मागे लागतो. गर्दी असली की मार वाटला जातो. म्हणून चार फुटांच्या टाकीत पंधरा-वीस एम्बुना, प्रत्येक जातीत एका नराला तीन-चार माद्या, आणि फिल्टर टाकीच्या मानाने दुप्पट ताकदीचा. ज्या जातींच्या माद्या सारख्या दिसतात, त्या एकत्र ठेवू नका. त्या सहज संकर करतात, आणि तसली पिल्लं पुढे कोणाला देण्यासारखी राहत नाहीत.

खाण्याचा विषय या पुस्तकाचा निम्मा भाग व्यापतो, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे नदीवर, देवळाच्या पुष्करणीत माशांना कणकेच्या गोळ्या आणि चुरमुरे टाकण्याची रीत आहे. त्यामागची भावना चांगली आहे, म्हणून घरी आलेला पाहुणा टाकीतही पोळीचा तुकडा टाकतो. लांब आतड्याच्या माशाला पीठ फुगवतं, आणि जे तो खात नाही ते दगडांखाली कुजतं. पाहुण्याला प्रेमाने थांबवा आणि त्याच्या हातात योग्य खाणं द्या. मासे वर येताना बघण्याचा आनंद त्यालाही मिळेल.

एम्बुनासाठी उत्तम खाणं आपल्या गच्चीवर फुकट तयार होतं. मुठीएवढे काळे दगड पाण्याच्या पसरट घमेल्यात उन्हात ठेवा. घमेल्यात टाकीतून काढलेलं जुनं पाणी घाला, त्यात खत असतंच. आपल्या उन्हात आठ-दहा दिवसांत दगडावर हिरवं मखमली शेवाळ धरतं. असा एक दगड टाकीत ठेवला की सगळे एम्बुना त्याच्यावर तुटून पडतात आणि तळ्यात जसे खातात तसेच, खरवडून, खातात. दगड साफ झाला की तो उन्हात परत आणि दुसरा आत. पावसाळ्यात घमेलं झाकून ठेवा, नाहीतर डासांच्या अळ्या होतील. पीकॉकला मात्र त्या अळ्या खुशाल द्या.

रोजच्यासाठी घरचं मिश्रण करता येतं. पाव किलो पालक कोमट पाण्यातून काढून, सोललेले मटार वाटीभर, स्पिरुलिनाची पूड दोन चमचे. सगळं बारीक वाटून चायना ग्रासच्या गरम पाण्यात ढवळायचं आणि ताटात पातळ थापून गार करायचं. वड्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. पीकॉकसाठी याच मिश्रणात धुऊन वाटलेला सुका जवळा अर्धी वाटी घालायचा. एम्बुनाला जवळा चिमूटभर पुरे. बाजारातल्या गोळ्यांत स्पिरुलिनाच्या बारीक, बुडणाऱ्या गोळ्या घ्याव्यात. ट्युबिफेक्स म्हणजे गटारातल्या चिखलात वाढणारे बारीक कृमी. ते एम्बुनाच्या टाकीत येऊच देऊ नका. मटणाचे, काळजाचे तुकडेही नकोत. सस्तन प्राण्यांची चरबी या पोटांना पचत नाही. मलावी ब्लोट नावाचा रोग एकाच कारणाने होत नाही. मारामारीचा ताण, खराब पाणी आणि चुकीचं खाणं एकत्र आलं की तो होतो. मासा खाणं तोंडात घेऊन थुंकायला लागला, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबू लागली, की त्याच दिवशी खाणं बंद करून पाणी बदला. पोट फुगून खवले उभे राहिल्यावर बहुधा उशीर झालेला असतो.

किती द्यायचं? दिवसातून एक किंवा दोन वेळा, एका मिनिटात संपेल एवढं, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. सिक्लिड कायम भुकेला दिसतो. तुम्ही काचेजवळ गेलात की पुढे येऊन नाचतो. त्या नाचण्यावरून माप ठरवू नका.

हे माप एवढं आवळून सांगण्याचं कारण आपल्या पाण्यातच आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया सुटतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक विषारी. २५ अंश तापमानाला आणि सात पीएचला विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो; साडेआठ पीएचला तो सुमारे १५ टक्के होतो आणि पाणी तीस अंशांवर गेलं की २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मऊ पाण्याच्या टाकीत ज्या चुका खपून जातात, त्याच आपल्या टाकीत मासे मारतात. मुठीने जास्त खाणं टाकणं ही त्यांतली सगळ्यात घडणारी चूक. नवी टाकी असेल तर फिल्टरमधले जीवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात; तोवर मासे थोडे आणि खाणं त्याहून थोडं.

उन्हाळ्यात हे सगळं एकदम अंगावर येतं. बाहेर बेचाळीस अंश, टाकीत एकतीस-बत्तीस, आणि नेमकं दुपारी भारनियमन. पाणी जितकं गरम, तितका ऑक्सिजन कमी धरतं. समुद्रसपाटीला २५ अंशाला लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम, तर ३२ अंशाला ७.३. त्यात माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले. एप्रिल-मे मध्ये खाणं निम्म्यावर आणा आणि ते पहाटे द्या; भरल्या पोटी माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप फिल्टरइतकाच गरजेचा आहे, तो आधी घ्या आणि दिवे नंतर. हिवाळ्यात पहाटे पाणी वीस अंशांखाली गेलं तर छोटा हीटर लागतो, पण आपल्या भागात थंडीपेक्षा उन्हानेच मासे जास्त दगावतात.

दुष्काळी तालुक्यात अडीचशे लिटर पाणी माशांसाठी अडवून ठेवणं योग्य आहे का, असं मला विचारलं जातं आणि विचारलं जायलाच हवं. ज्या वर्षी गावात टँकर सुरू आहे, त्या वर्षी नवी टाकी मांडू नये, असं माझं मत आहे. एरवी आठवड्याला साठ-सत्तर लिटर बदलावे लागतात आणि ते पाणी वाया जात नाही. नायट्रेटने भरलेलं ते पाणी परसातल्या लिंबाला, कढीपत्त्याला, मोगऱ्याला घाला. शिवाय आटलेलं पाणी भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, हे ध्यानात घ्या. पाणी आटतं तेव्हा क्षार मागे राहतात; त्यावर पुन्हा जड पाणी घालत राहिलं तर उन्हाळाभरात टाकी खारट होते. आटलेल्या पाण्याची भर पावसाच्या साठवलेल्या किंवा आरओच्या पाण्याने करा. जारच्या पाण्याचा खरा उपयोग या टाकीत एवढाच.

एक कळकळीची विनंती. मासे फार झाले, टाकी मोडायची ठरली, तर ते बोरी नदीत, शेततळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. सोडणाऱ्याला वाटतं आपण जीव वाचवला. व्हिक्टोरिया तळ्यात १९५० च्या दशकात नाईल पर्च हा परका मासा सोडला गेला आणि पुढे ऐंशीच्या दशकात तिथल्या सिक्लिडच्या दोनशेच्या आसपास जाती दिसेनाशा झाल्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. उजनीत चिलापीने काय केलं ते आपण रोज बाजारात बघतो, आणि टाक्यांत काच साफ करायला ठेवतात तो सकर मासाही आता उजनीच्या जाळ्यांत येतो. आपल्या नद्यांतल्या वांब, मरळ, कानोशी या माशांना जागा उरायला हवी. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. कोणीच घेत नसेल तर निदान पिल्लं वाढवणं थांबवा.

पुस्तकाची मांडणी पाण्यापासून सुरू होते, मग टाकी, मग जाती, मग खाणं आणि शेवटी रोग. ज्यांच्याकडे टाकी आधीच आहे, त्यांनी खाण्याच्या प्रकरणापासून वाचायला हरकत नाही. ज्यांना नव्याने मांडायची आहे, त्यांनी मृगाच्या पावसानंतर मांडावी. जुलैत पाणी आणि हवा दोन्ही निवलेली असतात, फिल्टर पिकायला निवांत वेळ मिळतो, आणि दिवाळीपर्यंत पाच-सहा येलो लॅब सोडण्याइतकी टाकी तयार होते. एप्रिलमध्ये पुस्तक हाती आलं असेल, तर तोवर पाणी तपासून घ्या, शहाबादीचे तुकडे गोळा करा आणि गच्चीवर दगडांना शेवाळ धरायला लावा.